पोरगी अजून आत आहे ना?

असले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, आणि खरं सांगायचं तर चेष्टा करायला वाचत आलोय. कोणाला विहिरीपाशी बाई दिसते, कोणाला रिकाम्या खोलीत पाटा-वरवंट्याचा आवाज येतो... मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि मध्ये मध्ये थांबून "इथे याला ताप होता", "इथे याने दोन पेग मारले होते" असे शेरे मारायचो. त्याला कारण माझा धंदा. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. प्लांटमध्ये काही चुकलं की ते का चुकलं हे शोधायचं, सहा पानी रिपोर्ट लिहायचा आणि खाली सही करायची. त्या रिपोर्टात "कारण समजलं नाही" हे वाक्य मला चालत नाही. हाताखालच्या कोणी तसं लिहिलं तर मी रिपोर्ट परत पाठवतो. त्यावरून माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

तर असा माणूस हे लिहायला बसलाय. हसायचं असेल तर हसा, मी तुमच्या जागी असतो तर हसलोच असतो.

मी मूळचा मिरजेचा, नाव मंदार. आयर्लंडमध्ये येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. बायको अश्विनी, मुलगी सई आणि मी, स्वोर्ड्सला राहतो. डब्लिनच्या एअरपोर्टच्या उत्तरेचं हे गाव. आमच्या घरापासून प्लांट गाडीने दहा मिनिटांवर, पण 2020 च्या मार्चपासून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. लाइनवर उभं राहून काम करणाऱ्यांना जावं लागायचं. आम्ही कागदवाले घरात बसून टीम्सवर. मी बेडरूमच्या खिडकीपाशी एक घडीचं टेबल टाकलं होतं, आणि तिथून साऱ्या प्लांटचं सत्य शोधत होतो.

आता प्राजक्ता. ही बार्शीची मुलगी. डब्लिनला एम.एस्सी. करून आमच्याच प्लांटमध्ये टेक्निशियन म्हणून लागली. इंजेक्शनच्या बाटल्या भरायची जी लाइन असते, तिथे. मला दादा म्हणायची, अश्विनीला ताई. त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिचं लग्न झालं. मुलगा इथेच शिकणारा. रजिस्टरच्या ऑफिसात सह्या, दोन्हीकडचे आईवडील झूमवर. पण हळद तरी लागली पाहिजे म्हणून तिच्या आईने धोशा लावला, आणि मग आमच्या मागच्या अंगणात, नियमात बसतील एवढ्या माणसांत, हळद झाली. फोन कुंडीला टेकवून ठेवला होता आणि त्यातून बार्शीहून सूचना येत होत्या, "अहो ताई, कोपरापर्यंत लावा की, अशी काय कंजुषी करताय!" शेवटी अश्विनीने वाटीभर हळद संपवली. प्राजक्ता पिवळीधमक झाली आणि मी तिची नखं बघून म्हणालो सुद्धा, "ही आता महिनाभर जात नाही गं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मीच बोललो होतो.

दोन-तीन आठवड्यांनी प्लांटमध्ये भरलेल्या बाटल्यांत बारीक पिवळे कण सापडले. इंजेक्शनच्या औषधात कण म्हणजे घोर पाप. चार वेळा सापडले आणि चारही वेळा लाइनवर प्राजक्ता होती. तिच्या सुट्टीच्या दिवशी बाटल्या स्वच्छ. कण बाहेरच्या लॅबला तपासायला पाठवले, पण कोविडमुळे त्यांचा रिपोर्ट यायला आठवडे लागणार होते. तपास माझ्याकडे आला, आणि माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला... हळद!

तुम्ही विचार करा, तिथल्या एकाही आयरिश माणसाला हे कधी सुचलं नसतं. त्यांनी हळद पाहिलीय ती सुपरमार्केटच्या बरणीत. मीच त्यांना शिकवली. स्लाइड केली, नेटवरून एका नवरीचा फोटो घेऊन वर लिहिलं, "संभाव्य कारण : ऑपरेटरची सांस्कृतिक प्रथा." माझी बॉस फिओना खूशच झाली, म्हणाली हे आमच्यापैकी कोणाला कळलंच नसतं. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मनात दुसरंही होतं. प्राजक्ता मराठी, माझ्या घरी जेवायला येणारी. उद्या कोणी म्हणायला नको की मंदारने आपल्या माणसाला पाठीशी घातलं. म्हणून मी जरा जास्तच ताठ झालो.

त्या कॉलवर तिने कॅमेरा बंद ठेवला होता. इंग्रजीत एवढंच म्हणाली, की हळद होऊन तीन आठवडे होत आले आणि ती रोज हात घासून आत जाते. कॉल संपल्यावर माझ्या व्हॉट्सॅपवर तिचा मेसेज आला.

"दादा, हळद तुमच्याच घरी लागली ना मला? तुम्ही फोटो काढलेत."

मी फोन पालथा घातला.

तिचा प्रोबेशनचा काळ चालू होता. शुक्रवारी दुपारी मी रिपोर्टवर सही केली की संध्याकाळी एच.आर. तिला नोकरीवरून काढल्याचं पत्र देणार होतं. तिचं इथे राहायचं परमिट या नोकरीला बांधलेलं. नवऱ्याचं शिक्षण अर्धवट. म्हणजे दोघांनी सामान बांधायचं आणि विमानं चालू असतील तर निघायचं.

रविवारी रात्री जेवताना अश्विनी फक्त सईला वाढत होती. शेवटी ताटावरून उठताना म्हणाली, "आपलं माणूस आहे म्हणून सोडू नकोस, मान्य. पण आपलं माणूस आहे म्हणून धरूही नकोस ना!" सई, वय वर्षं आठ, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इथल्या मुलांसारखं येतं. तिने विचारलं, "बाबा, इज प्राजक्ता मावशी इन ट्रबल, लाइक?" मी म्हटलं, भात संपव.

आता जागा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथे घडलं. ऑक्टोबरच्या शेवटी घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचा नियम परत लागला. मी रोज जेवणाच्या सुट्टीत चालायला जायचो. आमच्या वसाहतीतून बाहेर पडून मोठा राउंडअबाउट ओलांडला की एक अरुंद रस्ता शेतांमधून जातो. दोन्हीकडे कोबीची शेतं. एरवी डोक्यावरून सारखी विमानं, पण त्या वर्षी आकाश गप्प होतं. त्या रस्त्याच्या टोकाला एका जुन्या मठाचा अवशेष आहे. एक भिंत, तिच्यात वर निमुळती होत गेलेली एक खिडकी, आणि सभोवती वाकडेतिकडे झालेले थडग्यांचे दगड. फोनवर मोजलं होतं, घरापासून एक पूर्णांक आठ किलोमीटर. पाटीवर दोनच ओळी होत्या, की इथे मध्ययुगात ननांचा मठ होता आणि तो पुढे मोडला. मी तिथे एका दगडी ओट्यावर बसून सफरचंद खायचो आणि परतायचो.

सोमवारी, दुपारी सव्वा वाजता, ती बाई भिंतीपाशी उभी होती.

वय साठच्या आसपास. अंगावर टाचेपर्यंत जाड राखाडी लोकरीचा झगा, डोक्याभोवती आणि हनुवटीखालून घट्ट गुंडाळलेलं पांढरं फडकं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तुम्हाला वाटेल मी चपापलो असेन. अजिबात नाही. तो काळ आठवा. माणसं तोंडाला काय वाटेल ते बांधून फिरत होती. आमच्या शेजारचा एकजण पोहायचा गॉगल घालून दूध आणायला जायचा! शिवाय आयर्लंडमध्ये म्हाताऱ्या नन अजून दिसतात. मी दोन मीटर अंतर राखून उभा राहिलो, तीही राहिली. मी "हाउ आर यू" केलं. इथे त्यावर कोणीही "ग्रँड" म्हणतं आणि विषय संपतो. ती म्हणाली, "तू काय शोधतोयस?"

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ती कोणत्या भाषेत बोलली हे मला आठवत नाही. इंग्रजीच असणार. तिचे उच्चार जड होते, पण मला इथल्याच दक्षिणेकडचा, कॉर्कचा माणूससुद्धा फोनवर निम्माच कळतो, त्यामुळे तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता आठवायला गेलं की तिची वाक्यं मला मराठीतच आठवतात. म्हणून तशीच लिहितो.

मी हसून म्हटलं, "कारण शोधतोय. कामातलं." आणि मग काय झालं कोणास ठाऊक, मी भडाभडा बोललो. सात महिने घरात कोंडलेला माणूस... ओळख ना पाळख, पण समोर ऐकणारं कोणी होतं. नावं सांगितली नाहीत, कंपनी सांगितली नाही. एवढंच, की औषधात घाण सापडली, एका परदेशी मुलीवर संशय आहे आणि मला शुक्रवारी सही करायची आहे.

तिने ना हळहळ केली, ना देवाचं नाव घेतलं. बाहेरून इन्स्पेक्टर येतात ना आमच्याकडे, तसे प्रश्न विचारायला लागली.

"तू तिला काम करताना पाहिलंस?"

"नाही. मी घरून काम करतो. सगळे रेकॉर्ड आहेत माझ्याकडे."

"रेकॉर्ड कोणी लिहिलं?"

"तिने. बरोबरच्या लोकांनी."

"काय लिहायचं ते कोणी ठरवलं?"

फॉर्म माझ्या खात्यानेच केलेले. मी म्हटलं, "आमच्याकडे एक नियम आहे. लिहिलं नाही म्हणजे घडलं नाही."

"असं?" ती म्हणाली. "मग फार थोडं घडत असेल तुमच्याकडे."

मला राग आला, खरंच सांगतो. घड्याळ बघितलं, दोनचा कॉल होता, निघालो. दहा पावलं गेल्यावर तिने मागून विचारलं, "पोरगी अजून आत आहे ना?" मला वाटलं, नोकरीत आहे का असं विचारतेय. मी म्हटलं, "आहे अजून." तिने मान हलवली.

मंगळवारी मी वेळेआधीच गेलो. तिच्या बोलण्याने डोक्यात भुंगा सोडला होता आणि मला तिला उत्तर द्यायचं होतं. फॉर्म बरोबर का आहेत यावर पाच मुद्दे तयार होते माझे! ती त्याच जागी होती. मला मुद्दे मांडूच दिले नाहीत. म्हणाली, "बस. आमच्या घरात एकदा असं झालं होतं."

"आमच्या घरात" म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये असणार, असं मी धरलं.

तिने सांगितलं ते असं. दिवस वाईट होते. बाहेर दोन्ही बाजूंच्या टोळ्या फिरत होत्या. आज हे यायचे, उद्या ते. आज कोणाची गुरं हाकून न्यायची, उद्या कोणाचं शिवार जाळायचं. दार सतत बंद. मला वाटलं, ही उत्तरेकडच्या त्या सत्तरच्या दशकातल्या दंगलींबद्दल बोलतेय, इथली वयस्कर माणसं बोलतात. गुरं ऐकून जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं खेडेगाव असेल. तर अशा दिवसांत घरातल्या बायका एकामागून एक आजारी पडायला लागल्या. हातपाय वळायचे, नाही ते दिसायचं, एक दगावली. स्वयंपाकघरात एक पोरगी होती, पलीकडच्या लोकांतली, दळायला आणि भाकरी भाजायला. ती भाजेल त्याच दिवशी माणसं आजारी पडायची. सगळ्यांनी ठरवलं, हिने विष घातलं. मोठ्या बाईंनी या माझ्यासमोरच्या बाईलाच छडा लावायला सांगितलं, कारण कोठीच्या किल्ल्या हिच्याकडे आणि लिहिता-वाचता येणारी हीच.

"मी पण तुझ्यासारखीच खुर्चीत बसले," ती म्हणाली. "एकेकीला बोलावलं. विचारलं. लिहून घेतलं. सगळ्यांचं बोलणं जुळत होतं. मला वाटलं, जुळतंय म्हणजे खरं आहे."

"मग?"

"मग तिचं कामाचं फडकं कमरेला बांधलं आणि एक दिवस तिचं काम मी केलं. पहाटेपासून. धान्याची दोन पोती होती. एक फळीवर, एक खाली जमिनीशी. बाकीच्या बायका फळीवरच्या पोत्यातून घ्यायच्या. तिचा हात तिथे पोचायचा नाही. ती खालचं उघडायची. खालच्या पोत्यातले दाणे बुरशी लागून काळे पडले होते. तिला काय माहीत, तिच्या मुलखात ते धान्यच पिकत नाही."

मी विचारलं, "तुमच्या त्या पोरीचं पुढे काय झालं?"

तिने किल्ल्या हातात घेतल्या, परत सोडल्या. किल्ल्यांचा आवाज झाला का? मी त्यावर खूप विचार केलाय. मला आठवत नाही.

मग म्हणाली, "तुझी पोरगीही लहान चणीची आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग तुझ्या हातात अजून दिवस आहेत," ती म्हणाली. "पोरगी अजून आत आहे ना?"

"आहे."

बुधवारी धो धो पाऊस होता, मी गेलो नाही. दिवसभर रिपोर्ट समोर उघडा होता. शेवटच्या पानावर "कारण : ऑपरेटर" असं टाइप करून ठेवलं होतं आणि ते वाचवत नव्हतं. संध्याकाळी फिओनाला फोन केला की मला उद्या प्लांटमध्ये यायचंय, प्राजक्ताची अख्खी शिफ्ट मला करायची आहे. ती म्हणाली, "ग्रँड... बट व्हाय?" मी म्हटलं, रिपोर्ट पक्का करायला. घरी अश्विनीने माझा डबा भरला.

गुरुवारी सकाळी सहाला आत. प्राजक्ताला लाइनवरून काढून ट्रेनिंगच्या खोलीत बसवलं होतं, नियमावली वाचत. काचेतून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली मान घातली. मी कपडे बदलायच्या खोलीत सगळा जामानिमा चढवला, अंगभर सूट, टोपी, मास्क, गॉगल, दोन जोड्या हातमोजे. सात महिन्यांत विसरलोच होतो किती घाम येतो ते. तिचं काम तिच्या क्रमाने केलं. बाटल्यांचे ट्रे लावणं, मशीन अडलं की हात घालून सोडवणं, वाकणं, परत वाकणं... कुठे काही नाही. सगळं लख्ख. दोन वाजता बाहेर आलो तेव्हा मला त्या बाईचा आणि माझा स्वतःचा, दोघांचाही राग आला होता.

गॉगल काढून टाकत होतो. माझा लार्ज, मधल्या फळीवरून घेतलेला. आणि माझी नजर खाली गेली. सगळ्यात खालच्या फळीवर, जमिनीपासून वीतभर, एक वेगळा खोका होता. स्मॉल साइझ.

तिथल्या माणसाला विचारलं, "हे कोण वापरतं?"

"स्मॉल? ओन्ली प्राजक्ता," तो म्हणाला. "बाकी सगळे आम्ही घोडे."

नेहमीच्या कंपनीचे स्मॉल गॉगल त्या वर्षी मिळत नव्हते, म्हणून दुसरीकडून मागवलेले होते. तेवढा एकच खोका. नोंद होती, पण खरेदीच्या फायलीत. माझ्या फॉर्ममध्ये गॉगलचा साइझ लिहायला रकानाच नव्हता. मी एक पाकीट फोडलं. आतल्या कडेला फोमची पट्टी होती, निर्जंतुक करताना पुन्हा पुन्हा वाफेत जाऊन जीर्ण झालेली. नुसतं बोट फिरवलं, आणि खालच्या स्टीलच्या टेबलावर पिवळा भुगा पडला.

मी आणखी दोन पाकिटं फोडून पाहिली. तोच भुगा.

शुक्रवारी सही केली, वेगळ्या कारणावर. माझा हळदीचा मुद्दा एका सरळ रेघेने खोडला, शेजारी सही आणि तारीख घातली. आमच्याकडे चूक पुसायची नसते, ती वाचता येईल अशीच खोडायची असते. तीन आठवड्यांनी लॅबचा रिपोर्ट आला, तोही फोमच म्हणाला. पण तेवढे आठवडे थांबायला प्राजक्ता इथे नसती.

तिची माफी मागायला मी तिच्या दारात गेलो, बाहेरच उभा राहिलो, तेव्हा आत जाता येत नव्हतं. ती म्हणाली, "दादा, मी हे विसरणार नाहीये, आधीच सांगते." मग थोड्या वेळाने, "ताईंना सांगा, चहाला येईन. नियम उठले की."

आता राहिली ती बाई. शनिवारी गेलो, रविवारी गेलो, पुढचे पंधरा दिवस रोज गेलो. कोणी नाही. डिसेंबरात निर्बंध जरा सैल झाले तेव्हा तिथे नोरीन भेटली. सत्तरीची, त्या थडग्यांभोवतीचं गवत तीच कापते. मी विचारलं, इथे जवळपास नन राहतात का? ती म्हणाली, मैलोन्‌मैल कोणी नाही, आणि वृद्धाश्रमात असल्या तरी यंदा त्यांना दाराबाहेर कोण सोडतंय. भूतबीत? नोरीन खदाखदा हसली. चाळीस वर्षं ती गवत कापतेय, तिला साधी मांजरसुद्धा दचकवून गेलेली नाही.

पण मी "कोठीच्या किल्ल्या" म्हटलं आणि तिचं हसू थांबलं. म्हणाली, थांब. तिचं घर रस्त्यापलीकडेच होतं. तिने स्वयंपाकघरातल्या प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, एक झेरॉक्स काढून आणली. गावातल्या एका कै. मास्तरांनी जुन्या लोकांकडून ऐकून हाताने लिहिलेली. नेटवर नाही, लायब्ररीत नाही. त्यात सहा ओळी होत्या. अंदाधुंदीच्या काळात मठात विषबाधा झाली. कोठी सांभाळणाऱ्या ननने छडा लावला, दोष धान्याचा निघाला. तिचं नाव कोणाला माहीत नाही. आणि शेवटची ओळ : तिला ते कळलं त्याच्या आदल्या दिवशी पोरीला दाराबाहेर काढलं होतं. बाहेर टोळ्या होत्या. ती परत कोणाला दिसली नाही.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग नोरीनच्या दारातल्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मला रडू आलं, आणि ते लपवायचंही सुचलं नाही. पोरगी अजून आत आहे ना... पोरगी अजून आत आहे ना...

मी माझ्या परीने याचाही तपास केलाय. मी ती गोष्ट आधी कुठे ऐकली असेन आणि एकटेपणात मनानेच बाई उभी केली असेल का? पण ऐकणार कुठे? कोणी म्हातारी गंमत करत असेल का? गावात विचारलं, असली कोणी नाही. समजा हे दोन्ही कसंबसं बसवलं, तरी एक जागा अडते. प्राजक्ता चार फूट दहा इंच आहे. मी त्या बाईला मुलगी परदेशी आहे हे सांगितलं होतं. ती लहान चणीची आहे हे मी सांगितलं नव्हतं. दोन्ही दिवसांचं बोलणं मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवलं होतं, सवयच ती. वहीत ते नाही. आता तुम्ही म्हणाल, लिहिलं नाही म्हणजे घडलं नाही असं थोडंच आहे! खरंय. तोच तर घोळ आहे.

2021 च्या जूनमध्ये, नियम उठल्यावर, प्राजक्ता खरंच चहाला आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला तिथे न्या."

आम्ही तिघं चालत गेलो, ती, अश्विनी आणि मी. दुपारचं ऊन होतं. आकाशात परत विमानं दिसायला लागली होती. प्राजक्ता भिंतीजवळ गेली, त्या निमुळत्या खिडकीखाली उभी राहिली. खिडकी तिच्या डोक्याच्या बरीच वर होती. ती टाचा उंचावून, तोंडाशी हात धरून, अंगणातून शेजारणीला हाक मारावी तशी मोठ्याने म्हणाली,

"आजी! मी आत आहे हो अजून!"

अश्विनीने डोळे पुसले. एक विमान गेलं, त्याचा आवाज विरला, आणि मग फक्त कोबीच्या शेतात पाणी मारायच्या यंत्राची फरफर ऐकू येत राहिली.

परत फिरताना प्राजक्ताने मला विचारलं, "दादा, त्यांना ऐकू गेलं असेल का?"

मी बारा वर्षांच्या नोकरीत हे कोणाला लिहू दिलेलं नाही. पण मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही गं."